वाळूच्या जागी स्लॅग: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

काँक्रीटमध्ये वाळूऐवजी स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) किंवा राख अशी औद्योगिक उप-उत्पादने वापरण्याचा प्रकल्प घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: किती टक्के टाकले की क्यूबची, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याची, ताकद सर्वाधिक येते? मी त्यांना आधी घनता आणि पाणी शोषण मोजायला बसवते. काँक्रीटच्या घनफळात साधारण 60 ते 75 टक्के वाटा वाळू-खडीचा असतो. ती बदलली की सगळ्या मिश्रणाचे गणित बदलते.

कॉपर स्लॅगच घ्या. वाळूचे विशिष्ट गुरुत्व 2.65 च्या आसपास, याचे साधारण 3.5. समजा, घनमीटरला 700 किलो वाळू आहे आणि तिच्यातली 40 टक्के बदलायची आहे. 280 किलो वाळू काढून तेवढ्याच वजनाचा स्लॅग टाकला, तर 106 लिटरच्या जागी 80 लिटरच भरतात. मिश्रण 26 लिटरने कमी पडते, घनमीटरमागे सिमेंट आणि पाणी वाढते आणि मूळ मिश्रणाशी तुलनाच उरत नाही. म्हणून बदल घनफळाने करा. इथे सुमारे 370 किलो स्लॅग लागेल. प्रबंध वाचतानाही मी हेच आधी शोधते.

मग पाणी. कॉपर स्लॅग काचेसारखा गुळगुळीत, पाणी जवळजवळ पीत नाही. प्रमाण वाढवत नेले की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, वाढतो; पुढे ब्लीडिंग, म्हणजे पाणी वर येणे, सुरू होते. औष्णिक केंद्रातली बॉटम ॲश (भट्टीच्या तळाशी साचणारी राख) याच्या उलट, सच्छिद्र. शोषण 10 टक्के असेल तर 200 किलो कोरडी राख 20 लिटर पाणी ओढू शकते. ती आधी भिजवून घ्या आणि तिच्यातला ओलावा रोज मोजा.

स्टील स्लॅगबाबत मी फार आग्रही आहे. त्यातला मुक्त चुना आणि मॅग्नेशिया पाण्याशी संयोग पावून फुगतात, कधी कधी फार उशिरा. 28 दिवसांचा क्यूब उत्तम निकाल देईल आणि पुढे काँक्रीट तडकेल. स्लॅग उघड्यावर मुरवलेला असला तरी प्रसरण चाचणी झाल्याशिवाय तो संरचनात्मक काँक्रीटमध्ये घालू नये. भट्टीवार हे गुणधर्म बदलतात, त्यामुळे नोंदवहीत नुसते ‘स्लॅग’ लिहून भागत नाही. ब्लास्ट फर्नेसचा (कच्चे लोखंड बनवणाऱ्या भट्टीचा) की स्टीलचा, हवेत थंड झालेला की पाण्याने, तेही लिहा.

जड धातू पाझरतात का, याची चाचणी बऱ्याच जणांकडून शेवटपर्यंत राहून जाते. ती पहिल्याच आठवड्यात पाठवा, अहवाल यायला वेळ लागतो. आणि प्रत्येक खेपेतली एक पिशवी तारीख घालून, सील करून बाजूला ठेवा.