गच्चीवरच्या दुर्बिणीला टेलरची टेप
डॉबसोनियनमधून (आडवी-उभी फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची दुर्बीण) एक तारकागुच्छ शोधायला अर्धा तास जातो आणि मान आखडते ती वेगळीच, त्यावर हा जुगाड.

१. खालच्या न फिरणाऱ्या फळीवर ३४.४ सेंमी व्यासाची चकती बसवा, कडेला टेलरची टेप चिकटवा, आकडे घड्याळाच्या दिशेने वाढले पाहिजेत. घेर १०८ सेंमी येतो म्हणजे ३ मिमीला १ अंश. फिरणाऱ्या भागाला तारेचा काटा.
२. नळीवर सुतार वापरतात तो डिजिटल अँगल मीटर.
३. बूड लेव्हलमध्ये घ्या, ध्रुवतारा मधोमध आणा, काटा सरकवून शून्यावर. साताऱ्यातून तो जेमतेम १७-१८ अंशावर, मीटर तेवढंच दाखवतोय ना बघा (आमच्याकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आडवी येते, दुर्बीण दोन पावलं सरकवावी लागते).

मग स्टेलॅरियममधले (आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप) अल्टिट्यूड (क्षितिजापासूनची उंची, अंशात) मीटरवर आणि अ‍ॅझिमथ (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) टेपवर लावायचे, २५ मिमी आयपीसमध्ये (डोळ्याजवळचं भिंग) गुच्छ बहुतेक वेळा सापडतोच. फक्त आकडे त्याच मिनिटाचे घ्या, आकाश तासाला १५ अंश सरकतं.