लॅपटॉप की टॅबलेट: टिकाऊपणा आणि दुरुस्तीखर्च यांची तुलना कशी करावी

विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप किंवा टॅबलेट निवडताना किंमत, रॅम आणि स्क्रीनचा आकार सगळेच पाहतात. दुरुस्तीचा भाव मात्र बहुधा स्क्रीन फुटल्यानंतरच विचारला जातो. तो खरेदीपूर्वी विचारावा आणि विचारताना एक प्रश्न मुख्य धरावा: एखादा भाग बिघडला, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागते? खर्चाचा बराचसा फरक या उत्तरात असतो.

लॅपटॉपमध्ये बिघडण्याजोग्या जागा अधिक आहेत. बिजागरी रोज उघडझाप सोसते, आणि स्वस्त मॉडेलांत तिचे स्क्रू प्लॅस्टिकच्या सांगाड्यात बसवलेल्या छोट्या पितळी नळ्यांमध्ये घट्ट केलेले असतात. बिजागरी जड झाली की या नळ्या उखडतात, झाकण एका कोपऱ्यात उचलले जाते आणि पुढे कधीकधी स्क्रीनची केबलही तुटते. कीबोर्डवर पेन्सिल किंवा इअरफोन विसरून झाकण मिटल्याने स्क्रीनच्या पॅनेलला तडा जातो. पंख्यात धूळ साचून यंत्र तापते, कीबोर्डवर चहा सांडतो. मात्र यातील बहुतेक बिघाड सुटे असतात. पॅनेल, पंखा, बिजागरी आणि एम.२ प्रकारची एसएसडी (माहिती साठवणारी सुटी पट्टी) स्वतंत्रपणे बदलता येतात, आणि त्यासाठी तळाचे झाकण किंवा स्क्रीनची चौकट उघडणे सहसा पुरते. अपवाद मात्र नीट तपासावेत. काही मॉडेलांत कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेट केलेला, म्हणजे न निघणाऱ्या खिळ्यांनी पक्का बसवलेला असल्याने एक कळ गेली तरी संपूर्ण आवरण घ्यावे लागते; काहींत रॅम आणि साठवण मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट-बोर्डावरच) सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते; तर चार्जिंग पोर्ट मदरबोर्डवर आहे की वेगळ्या छोट्या बोर्डावर, यावर त्याच तक्रारीचा खर्च कित्येक पटींनी बदलतो. बारीक आणि हलका लॅपटॉप दिसायला देखणा असला, तरी दुरुस्तीच्या दृष्टीने तो टॅबलेटच्या जवळ सरकलेला असतो.

टॅबलेटला बिजागरी नाही आणि बहुधा पंखाही नसतो, त्यामुळे झिजून बिघडणारे भाग कमी. पण त्याची काच सदैव उघडी असते. ती काच आणि आतले डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले, म्हणजे लॅमिनेटेड असतील, तर तडा केवळ काचेला गेला असला तरी सहसा संपूर्ण जोडच बदलला जातो. ते वेगळे असतील तर नुसती काच बदलता येते आणि खर्च बराच कमी होतो. लॅमिनेटेड स्क्रीनवर चित्र अधिक स्पष्ट दिसते आणि स्टायलसने लिहिणेही सुखाचे होते, हे खरे. ज्याच्या हातून वस्तू वरचेवर पडतात त्याने तरीही साध्या रचनेचा विचार करावा. बॅटरीचीही तीच गोष्ट: ती आत गोंदाने चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक टॅबलेटमध्ये स्क्रीन उष्णता देऊन सोडवावी लागते. या कामात चांगली स्क्रीन तडकली तर भुर्दंड कोणावर, हे आधीच ठरवून घ्यावे.

खोक्यावरील दावे वाचताना सावध असावे. ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी लष्कराचे चाचणी-मानक आहे, परंतु त्यात अनेक वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे उत्पादक ठरवतो. म्हणून किती उंचीवरून, कोणत्या पृष्ठभागावर पाडून पाहिले, हे लिहिलेले नसेल तर त्या शिक्क्यातून फारसे काही कळत नाही. आयपी६८सारख्या अंकांत पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. पडण्याशी त्याचा संबंध नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या टॅबलेटच्या लेबलवर पडण्यापासूनचा टिकाऊपणा, दुरुस्तीसुलभता आणि बॅटरीची चक्रे (एक चक्र म्हणजे बॅटरीची पूर्ण क्षमता एकदा वापरली जाणे) यांची माहिती द्यावी लागते. तेच मॉडेल तेथे विकले जात असेल, तर ते लेबल जरूर पाहावे.

बॅटरी कधी ना कधी बदलावीच लागेल, असे गृहीत धरूनच हिशेब मांडावा. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० चक्रांनंतर मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते, असे पूर्वीपासून मानले जाते. काही नव्या उपकरणांसाठी उत्पादक १,००० चक्रांचा आकडा देतात. जुने उपकरण घेताना सध्याची पूर्ण क्षमता मूळ क्षमतेशी ताडून पाहावी. विंडोजच्या बॅटरी-अहवालात हे दोन्ही आकडे मिळतात.

यानंतर प्रत्यक्ष भाव मागवावेत. नेमका मॉडेल क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्र आणि एक स्वतंत्र कारागीर, अशा दोघांकडे स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग पोर्ट, कीबोर्ड आणि मदरबोर्ड यांचे मजुरीसह भाव विचारावेत, आणि सुटा भाग मूळ आहे की पर्यायी, हेही नोंदवावे. प्रत्येक भाव उपकरणाच्या किमतीच्या किती टक्के आहे ते काढावे. हा आकडा निम्म्याच्या वर गेला, तर तो बिघाड म्हणजे उपकरणाचा शेवट समजावा. तेवढा खर्च करून जुने यंत्र चालवणे क्वचितच परवडते.

आता वर्षागणिक खर्च काढावा. केवळ पद्धत दाखवण्यासाठी आकडे घेऊ. समजा लॅपटॉपची किंमत १०० एकके, बॅटरी १२ आणि स्क्रीन २० एकके आहे, आणि स्क्रीन फुटण्याची शक्यता निम्मी आहे. पाच वर्षांचा खर्च १०० + १२ + १० म्हणजे १२२, वर्षाला २४.४. टॅबलेट ५० एककांचा, त्याचे कव्हर आणि कीबोर्ड मिळून १२, बॅटरी १० आणि स्क्रीन २५. फुटण्याची शक्यता तीच धरली तर खर्च ८४.५ होतो आणि टॅबलेट चार वर्षे चालला तर वर्षाला सुमारे २१.१ पडतात. पण अपडेट थांबल्याने तो तीन वर्षांतच सोडावा लागला, तर बॅटरी न बदलताही खर्च वर्षाला २४.८ होतो आणि स्वस्ताईचा फायदा संपतो. कव्हर आणि कीबोर्ड या हिशेबातून गाळू नयेत. टॅबलेट स्वस्त दिसतो तो बहुधा ते गाळल्यामुळेच.

त्यामुळे अपडेट किती वर्षे मिळणार, हे स्क्रीनच्या भावाइतकेच काटेकोरपणे पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून जुना लॅपटॉप घेताना तो विंडोज ११ साठी पात्र आहे ना, याची खात्री करावी. क्रोमबुकसाठी, म्हणजे गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी, गूगलने २०२३ मध्ये दहा वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. मात्र ही वर्षे त्या मॉडेलचा हार्डवेअर मंच (ज्या मूळ यंत्ररचनेवर ते बांधले आहे ती) बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपल्या खरेदीपासून नव्हे.

शेवटी वॉरंटी. पडणे, फुटणे आणि पाणी सांडणे तिच्यात सहसा येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. त्याचा हप्ता आणि प्रत्येक दाव्यात स्वतः भरायची रक्कम यांची बेरीज वर काढलेल्या स्क्रीनच्या भावाशी ताडावी, आणि वर्षातील दाव्यांची मर्यादाही पाहावी. सुटे भाग सहज मिळणाऱ्या जाड लॅपटॉपसाठी हे संरक्षण बहुधा अनावश्यक ठरते. रोज दप्तरातून फिरणाऱ्या लॅमिनेटेड स्क्रीनच्या टॅबलेटसाठी मात्र ते घेणे शहाणपणाचे आहे.