नवीन पेडल घेण्याआधी: घरी इलेक्ट्रिक गिटार शिकताना या चुका टाळा

ॲम्प चालू केला की घुंऽऽ, डिस्टॉर्शन लावलं की डास भुणभुणल्यासारखं, आणि पावसाळा लागला की कालपर्यंत सुरात असलेली गिटार बेसूर. या तिन्हींवर बहुतेकांचा उपाय एकच, आणखी एक पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायची आवाज बदलणारी डबी. ते येतं, चार दिवस कौतुक होतं आणि घुंऽऽ परत सुरू होतं. दोष बहुतेक वेळा पेडलमध्ये नसतोच. तो प्लगमध्ये, केबलमध्ये, अडॅप्टरमध्ये किंवा हवा खाल्लेल्या मानेत असतो. तपास गिटारकडून सुरू करायचा आणि एकेक टप्पा ॲम्पकडे जायचं.

घुंऽऽ कुठून येतो?

मधली सगळी पेडल्स काढा. गिटार, एक केबल आणि ॲम्प, एवढंच जोडा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला तर दोष केबलचा, ॲम्पचा किंवा विजेचा. गेला तर तो गिटारच्या आतून येतोय. मग व्हॉल्यूम पुन्हा वाढवा आणि बसल्या जागी गिटारसकट हळूहळू वळा. वळताना आवाज कमी-जास्त झाला तर सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप टिपणारं, एकाच गुंडाळीचं चुंबक) आसपासचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि तिच्या पटीतली १००, १५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर हे नेहमीचे आरोपी. त्यांच्यापासून दीड-दोन मीटर लांब बसून पाहा. स्ट्रॅट धाटणीच्या बहुतेक नव्या गिटारींत स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप मिळून गुणगुण बरीच मारतात, तेही करून पाहा.

आता तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर घाबरू नका, जोडणी शाबूत आहे, फक्त आतल्या पोकळीला शील्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण) कमी पडतंय. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण केबलच्या प्लगच्या धातूला बोट टेकवलं की आवाज दबतो, असं असेल तर ब्रिजकडे (अंगावर तारा जिथे टेकतात तिकडे) जाणारी ग्राउंडची वायर तुटली आहे. स्ट्रॅटमध्ये मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की स्प्रिंगा अडकवलेली एक लोखंडी पट्टी दिसते. ती वायर तिथे डाख देऊन बसवलेली असते. इथे पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, कारण पट्टी सगळी उष्णता खाऊन टाकते. चाळीस ते साठ वॅटचं घ्या, पट्टी कानसीने जरा खरवडा, आधी पट्टी तापवा आणि मग डाख सोडा. वरवर गोळी बसवलेली डाख महिन्याभरात निसटते.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नाही. तार धरल्यावर हाताला झिणझिण्या आल्या किंवा ॲम्पच्या पत्र्यावर टेस्टर पेटला, तर तिथेच प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नसते. गुणगुण जावी म्हणून ॲम्पची तिसरी पिन मोडणारेही आहेत. गिटारच्या तारा केबलमधून थेट ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग काढलं आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर तो करंट वाजवणाऱ्याच्या अंगातून जाईल.

बेळगावात वडगाव-शहापूरकडे शेजारी यंत्रमाग चालत असेल, किंवा त्याच लाईनवर पाण्याची मोटर असेल, तर लाईनमधूनच खरखर येते. लाईट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प चालवला की किर्रऽऽ असा कोरडा आवाज येतो, साईन वेव्ह इन्व्हर्टरवर तो फारसा येत नाही. अशा वेळी सेलवर चालणारं मल्टिइफेक्ट, म्हणजे एकाच डब्यात अनेक पेडल्स, सोयीचं. झूम जी१ फोर किंवा बॉस जीटी-१ चार पेन्सिल सेलवर चालतात. हेडफोन लावले की वाजवायला मोकळे.

अडॅप्टरने जळणारी पेडल्स

बहुतेक पेडल्सना नऊ व्होल्ट डीसी लागतो, आणि पिनचा मधला भाग ऋण, बाहेरचा धन. घरात पडलेल्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरची पिन अगदी तशीच दिसते, बसतेही. पण तो बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि त्यात मधला भाग धन असतो. नशीब चांगलं असेल तर पेडलमधला संरक्षक डायोड जातो, नाहीतर पेडलच.

लेबलवर वर्तुळाच्या खुणा असतात, त्या वाचा. शंका राहिली तर मल्टिमीटर डीसी २० वर ठेवा. लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला. मीटरवर उणे नऊच्या आसपास आकडा आला तर अडॅप्टर चालेल. उणे चिन्ह नसेल तर तो पेडलला लावायचा नाही. जुना जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर नऊचा असूनही बिनलोड बारा-तेरा दाखवतो. तो रेग्युलेटेड नाही, त्यामुळे पेडलमध्ये गुणगुणही ओततो.

मग मिलिअँपिअर. साध्या ओव्हरड्राइव्हला दहा-वीस पुरतात, डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला शंभर किंवा जास्तही लागू शकतात. अडॅप्टरची क्षमता जास्त असली तर बिघडत नाही, कमी असली तर पेडल चालू-बंद होतं. एकाच अडॅप्टरवरून माळ काढून चार पेडल्स लावली आणि त्यात एखादं डिजिटल असलं, तर बारीक शिटी ऐकू येते. ते डिजिटल पेडल वेगळ्या अडॅप्टरवर घ्या, शिटी बंद. बॅटरीवर वाजवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडल्स त्या जॅकनेच चालू होतात. रात्रभर केबल तशीच राहिली तर सकाळी बॅटरी मेलेली.

केबलबद्दल थोडक्यात: स्पीकरची केबल गिटारला लावू नका. प्लग सारखाच असला तरी तिला जाळीचं आवरण नसतं. आणि घरात तीन मीटर पुरे, लांब केबलमध्ये वरचे सूर मंद होतात.

डासाची भुणभुण

पेडलमधून सरळ होम थिएटरला, किंवा भजनी मंडळाच्या मिक्सरला जोडलं की डिस्टॉर्शन पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाजतं. गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं झपाट्याने कापून टाकतो. घरातला स्पीकर सगळं ऐकवतो, आणि डिस्टॉर्शनची सगळी किरकिर तिथेच असते. मल्टिइफेक्टमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार ॲम्पच्या स्पीकरची नक्कल, असतं. मिक्सर किंवा हेडफोनला जाताना ते चालू हवं. गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जाताना बंद, नाहीतर आवाज गोधडीतून आल्यासारखा. पेडल न लावता नुसती गिटार साउंड कार्डच्या लाईन इनला दिली तर आवाज मरगळतो. तिला सुमारे एक मेगओहमचं इनपुट लागतं, ज्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय झेड’ लिहिलेलं असतं तेच वापरा.

गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) नऊवर ठेवून शिकणं ही त्याहून मोठी चूक. सगळं चिकटून वाजतं, न दाबलेल्या तारा झंकारतात आणि हात कुठे चुकतोय ते कळत नाही. गेन निम्म्याच्या खाली ठेवा. मिड, म्हणजे मधल्या पट्टीतला आवाज, कापू नका. खोलीत एकट्याला मिड काढलेला आवाज भारी वाटतो, पण गणपतीत ढोल, कीबोर्ड आणि बेसबरोबर उभं राहिलात की गिटार शोधावी लागते.

क्रम साधारण असा: ट्यूनर, वा, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब. रिव्हर्बनंतर डिस्टॉर्शन लावलं तर घुमणारं सगळंच कुस्करलं जातं. मुद्दाम तसं वाजवणारे आहेत, पण शिकताना नको.

पाऊस आणि मान

जांबोटी-खानापूरच्या पावसात लाकूड ओल पितं आणि मान पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात. मग बोटं जास्त दाबावी लागतात आणि सूर चढतो. पोरं ट्यूनरला दोष देतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघा. पाव मिलिमीटर हवी, साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. किल्ली घट्ट अडली तर थांबा. जोर लावला तर रॉड तुटेल, आणि त्याची दुरुस्ती गिटारच्या किमतीएवढी होईल.

मानेनंतर तारांची उंची. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सुमारे दोन आणि पहिल्या तारेखाली दीड मिलिमीटर. त्याखाली नेलं तर तारा फ्रेटला घासून झणझणतात. तंबोऱ्याला हीच झणझण हवी असते, म्हणून सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. गिटारला ती नको. पण नुसत्या कानाला ऐकू येते आणि ॲम्पमधून येत नाही, इतपत झणझण चालते.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे तार सगळ्या फ्रेटवर सुरात आहे का ते. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा. हे जुन्या तारांवर करू नका, कधीच जुळत नाही.

पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका, विशेषतः ओल येणाऱ्या भिंतीवर. केसमध्ये सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा पन्नासच्या आसपास हवा. बिदरच्या उन्हाळ्यात उलट होतं. फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. कारवारला खाऱ्या हवेने तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा.

मोबाईलच्या ॲपवर वाजवताना ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरबड नको. आवाज शंभर मिलिसेकंदाहून उशिरा येतो आणि ताल शिकण्याऐवजी बिघडतो. वायरचे हेडफोन लावा.

व्हॉल्यूम फिरवताना करकर आली तर नॉबखालच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात) धूळ बसली आहे. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडू नका, धूळ आणखी चिकटते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. पॉटच्या अंगावरच्या फटीत एक फवारा आणि नॉब वीसेक वेळा पूर्ण इकडून तिकडे. तरीही करकरला तर पॉट बदला. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा, हमबकरला (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला) ५०० चा.