मिल्टनचा सैतान वाचायचा कसा

जॉन मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे देवाविरुद्ध बंड करणाऱ्या सैतानाचं इंग्रजी महाकाव्य पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग वाचायचा पण करून बसलेली माणसं बहुधा तिसऱ्या सर्गात गळतात. मिरजेत इंग्रजी शिकवताना मी हे दरवर्षी पाहिलं. तुम्हाला मुख्यतः स्वर्गातून हाकललेले देवदूत भेटायला हवे असतील तर आधी पहिला आणि दुसरा सर्ग घ्या, मग चौथ्याच्या सुरुवातीचं स्वगत, मग युद्धाची हकिकत सांगणारे पाचवा-सहावा, पुढे नववा आणि दहाव्याचा मधला भाग. देवाचं लांबलचक बोलणं असलेला तिसरा सर्ग मागाहून वाचला तरी चालतो.

टीपा असलेली आवृत्तीच घ्या, स्वस्त मिळते म्हणून नुसती मूळ संहिता आणू नका. प्रत्येक सर्गाआधी मिल्टननं गद्यात सारांश दिलाय, तो न लाजता वाचा. 1667 च्या पहिल्या छपाईत हे सारांश नव्हते. वाचकांनी मागणी केली म्हणून प्रकाशकानं ते कवीकडून मिळवले. म्हणजे त्या काळच्या इंग्रजांनाही मदत लागत होती!

त्याआधी बायबलमधल्या तीन जागा पाहून ठेवा: यशयाचा 14 वा अध्याय, लूकच्या 10 व्या अध्यायातली विजेसारखा पडणाऱ्या सैतानाची ओळ आणि प्रकटीकरणाचा 12 वा अध्याय. दहा मिनिटांचं काम. एवढ्याशा ऐवजावर मिल्टननं केवढा डोलारा उभा केलाय ते मग कळतं. यशयातला टोमणा तर मुळात बाबेलच्या राजाला मारलेला आहे.

आता मुख्य गोष्ट. हातात पेन्सिल घ्या आणि पतित देवदूतांचं कुठलंही भाषण आलं की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीखाली रेघ मारा. सैतान काय म्हणतो ते सगळ्यांना पाठ असतं, पण निवेदक त्याच्याबद्दल काय म्हणतो ते कोणी वाचत नाही. नरकातल्या जळत्या सरोवरात पडल्या पडल्या तो आपल्या साथीदार देवदूताला, बेल्झेबबला, सांगतो, की रणांगण हरलो म्हणून काय झालं, न वाकणारी इच्छाशक्ती आणि सूडाचा ध्यास अजून शाबूत आहे. अंगावर काटा येतो, यावाच. लगेच पुढे निवेदक म्हणतो, की हा वेदनेत होता, तोंडानं बढाई मारत होता आणि आतून निराशेनं पिळवटत होता. दोन्ही एकाच वेळी खरं धरून वाचा. नुसतं भाषण घेतलंत तर सैतान नायक होतो, नुसता शेरा घेतलात तर काव्यच हातातून जातं. इंग्रज कवी ब्लेकला वाटलं, मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता. मला हे अर्धंच पटतं. इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद समर्थनीय ठरवणारी पुस्तकं लिहिलेला आणि 1660 मध्ये राजेशाही परत आलेली पाहिलेला हा माणूस, बंडखोराच्या तोंडी कच्ची भाषा कशाला देईल? पण भाषा देणं वेगळं, पाठ थोपटणं वेगळं.

दुसरा सर्ग, म्हणजे नरकात भरलेली पतित देवदूतांची सभा, एकट्यानं वाचू नका, चार-पाच जण जमवा आणि पात्रं वाटून घ्या. 1652 पर्यंत मिल्टन पूर्ण आंधळा झाला होता. हे काव्य त्यानं तोंडी सांगून लिहून घेतलं, त्यामुळे ते कानानंच नीट उलगडतं. आमच्या वाचनगटात मोलोक एका निवृत्त एसटी कंट्रोलरकडे असतो. ‘उघड युद्ध करा’ एवढंच त्याचं म्हणणं, त्याला खणखणीत आवाज पुरतो. बेलियल मात्र वकिलाकडेच द्यावा. आम्ही तसंच केलंय. दुःख कितीही असो, पण अनंतकाळात भटकणारे हे विचार, ही बुद्धी कोण गमावून बसेल, असं तो विचारतो, तेव्हा आमच्याकडे हमखास कोणीतरी ‘बरोबर आहे की’ म्हणतं. इथेच थांबा आणि रेघ मारलेल्या ओळी मोठ्यानं वाचा. आधीच्या ओळी बजावतात, की याच्या जिभेवर मध होता, पण आत सगळं पोकळ. नंतरची ओळ म्हणते, बुद्धीचं वस्त्र पांघरून यानं आळसाचा सल्ला दिला. कवीनं दोन्ही बाजूंनी पहारा ठेवला तरी भाषण जिंकतंच. मॅमनकडे जास्त वेळ घालवू नका. स्वर्गात असतानाही ज्याची नजर फरशीच्या सोन्यावर खिळलेली, तो नरकात खाण खोदणारच.

या सभेचा शेवट सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसारखा आहे. ठराव बेल्झेबब मांडतो, पण तो आधीच सैतानानं शिजवलेला असतो. नव्या जगात जाऊन माणसाला फितवायचं धाडस कोण करणार, असं विचारल्यावर सगळे गप्प. सैतान स्वतः पुढे होतो आणि झटकन उठून सभा आटोपतो. आता नकार मिळणार याची खात्री असलेला कोणी ‘मीही जातो’ म्हणत फुकटचं नाव कमावू नये, म्हणून! ही बारीक जागा चुकवू नका. एवढी खरी राजकीय ओळ मला दुसऱ्या महाकाव्यात सापडलेली नाही.

चौथ्या सर्गापासून वहीत एक उभी यादी करा: सैतान आता कुठल्या रूपात आहे? पहिल्या सर्गात तो धुक्याआडून दिसणाऱ्या सूर्यासारखा आहे, तेज कमी झालेलं पण गेलेलं नाही. सैन्यापुढे बोलायचा तीनदा प्रयत्न करतो आणि तीनदा रडू फुटतं. चौथ्यात तो पाणकावळा होऊन झाडावर बसतो, रात्री बेडकासारखा हव्वेच्या कानाशी दबा धरतो. नवव्यात साप. तिथेही हव्वेला पाहून क्षणभर त्याचा सगळा दुष्टपणा गळून पडतो, ती ओळ शोधाच. दहाव्यात विजयाची बातमी देऊन तो टाळ्यांची वाट पाहत उभा राहतो आणि ऐकू येतो फक्त फूत्कार, कारण सगळी सभाच साप झालेली असते.

‘स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य बरं’ ही ओळ स्टेटसला ठेवायची हौस असेल तर ठेवा, पण चौथ्यातलं स्वगत वाचून झाल्यावर. तिथे तोच म्हणतो, की मी जिकडे पळतो तिकडे नरकच, मीच नरक आहे.

यानंतर इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’चा 34 वा सर्ग एका बैठकीत वाचता येतो. तिथला ल्युसिफर, म्हणजे सैतानच, छातीपर्यंत बर्फात गोठलेला, तीन तोंडांनी तीन विश्वासघातक्यांना चावणारा. त्याच्या तोंडी एकही शब्द नाही, त्यामुळे तिथे पेन्सिल लागत नाही.