खाऱ्या पाण्यातला नवा मासा टाकीत सोडताना: थेंब मोजण्याआधी पिशवी किती तास बंद होती ते बघा

नवा मासा आणला की त्याच्या पिशवीतल्या पाण्यात नळीनं टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडत दोन तास बसायचं, ही पद्धत अजून सर्रास चालते. मासा जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आला असेल तर ती निभावून जाते. चेन्नईहून विमानानं, बारा-पंधरा तास बंद पिशवीत आलेला मासा मात्र या पद्धतीनंच दगावू शकतो.

बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा) घसरतो. माशानं बाहेर टाकलेला अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असेपर्यंत तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि फारसा जाचत नाही. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया व्हायला लागतो. वर आपण 8.2 पीएचचं पाणी थेंबाथेंबानं घालून त्याला हातभार लावतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडल्यावर पाच-सात मिनिटांत मासा त्या पाण्यातून बाहेर निघायला हवा.

एवढ्या घाईत खारेपणा कसा जुळवायचा? तो माशाच्या पाण्यात नाही, टाकीत जुळवायचा, आणि तोही आदल्या दिवशी. बरेच दुकानदार माशांचं पाणी 1.018 ते 1.020 एसजीला (विशिष्ट घनता, म्हणजे खारेपणाचं माप) ठेवतात. मीठ वाचतं, परजीवीही थोडे दबतात. घरची टाकी 1.025 ला असते. कमी खाऱ्यातून जास्त खाऱ्यात एकदम गेलेल्या माशाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. पहिल्या दिवशी तो ठीक दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी मेलेला सापडतो. दोष मात्र खाण्याला दिला जातो. उलट दिशेचा, म्हणजे 1.025 वरून 1.020 चा बदल बहुतेक मासे सहज पचवतात. दुकानदाराला एसजी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर टाकी 1.020 लाच ठेवा.

ही टाकी म्हणजे अर्थात क्वारंटाइनची, नवा मासा आधी वेगळा ठेवायची. 40 लिटर पाणी, तळाशी काही नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे वाकडे जोड (एल्बो), हीटर, एअर पंप आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) तीन-चार आठवडे मुरवलेला स्पंज फिल्टर. कोरा स्पंज लावला तर अमोनिया तिथंच पुन्हा गाठतो. टाकी 1.025 ला असेल तर 8 लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी घाला, 1.020 होईल. मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) हवा, आणि तो 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मिठाच्या) द्रावणावर जुळवलेला. प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

आता मासा आला. खोलीतला आणि टाकीचा दिवा बंद करा. पिशवी बाहेरून धुऊन, न उघडता, 15-20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. उघडल्यावर थेंबभर पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर घ्या: फरक 0.002 पर्यंत असेल तर लगेच सोडा. मासा प्लास्टिकच्या डब्यात घेऊन सोडणं उत्तम, कारण टँग जातीच्या माशाचे शेपटीजवळचे काटे जाळीत अडकतात. पफर माशाला तर पाण्याबाहेर काढूच नका, तो हवा गिळून फुगतो आणि ती हवा त्याला सहजी बाहेर टाकता येत नाही. पिशवीचं पाणी सिंकमध्ये. त्यात दुकानातल्या औषधाचं तांबं असू शकतं, परजीवी असू शकतात. टाकीत त्याचा एक पेलाही नको.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. झाकण जाळीचं, पक्कं बसणारं हवं. रास (wrasse) आणि फायरफिश या जातींचे मासे पहिल्याच रात्री उडी मारतात.

दुसऱ्या दिवसापासून खारेपणा चढवायचा. रोज 5 लिटर काढून 1.030 चं, त्याच तापमानाचं पाणी घाला. रोज साधारण 0.001 नं वाढतो, पाच-सहा दिवसांत 1.025 होतो. बाष्पीभवनानं पातळी उतरली तर भर साध्या आरओच्या पाण्यानं घाला. मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे ही भर रोजची असते, ती विसरली तर हिशेब आपोआप पुढे पळतो.

एकूण मुक्काम किमान 30 दिवस. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावरून गळून तळाला कोष करतो, तेव्हा अंग स्वच्छ दिसतं आणि लोक मासा घाईनं मुख्य टाकीत टाकतात. तांब्याचं औषध चालू असेल तर अमोनिया बांधणारं कंडिशनर वापरू नका, काही कंडिशनर तांबं जास्त विषारी करतात. त्याऐवजी पाणी बदला.

कोळंबी, तारामासा यांचा मामला वेगळा. त्यांना खारेपणातला छोटा फरकही सोसत नाही, त्यामुळे इथं थेंबांची पद्धत खरोखर लागते. एअरच्या नळीला गाठ मारून सेकंदाला चार-पाच थेंब, म्हणजे तासाला साधारण पाऊण लिटर. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं फेका आणि पुन्हा सुरू करा. एसी खोलीत बादली गार पडते, तेव्हा थर्मामीटर त्यातच ठेवा. तांब्याचं औषध घातलेल्या टाकीत यांना कधीच सोडू नका.

मुख्य टाकीत जुना डॅमसेल किंवा टँग मासा असेल तर नव्याला त्याच टाकीत भोकांच्या पारदर्शक डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. जुना डब्यावर धडका मारायचा थांबला की संध्याकाळी, दिवे मालवल्यावर डबा उघडा.