घोड नदीच्या खोऱ्यातील जुन्या वस्त्यांची पाहणी : निघण्यापूर्वीची तयारी

शिरूर तालुक्यात पाहणीला जायचे असेल, तर बरेचसे काम पुण्यातच उरकून घ्यावे. सर्वप्रथम भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (चढउतार, ओढे, वाटा दाखवणारे तपशीलवार नकाशे) आणि भूमी अभिलेख खात्याचे गावनकाशे जमवावेत, कारण आज उसाखाली गेलेली पाणंद किंवा बुजलेला ओढा त्यांवर अनेकदा सापडतो. त्यानंतर अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली आणि १९९५ मध्ये खुली झालेली छायाचित्रे मिळवावीत. त्यांतील शेवटच्या मालिकेत सुमारे २ मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि सपाटीकरणापूर्वीची जुन्या वस्त्यांची अनेक टेकाडे त्यांत शाबूत असतात, म्हणून माझ्या मते या कामाला याहून मोलाचे साधन नाही. मात्र ही छायाचित्रे कडेला ताणलेली असतात, तेव्हा जुनी देवळे, पूल, नद्यांचे संगम अशा न हललेल्या खुणा धरून ती नकाशावर नीट बसवावीत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, पण त्यांची एक चौकट (पिक्सेल) १० मीटरची असल्याने एकरभराची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी-पांढरट मातीची जागा, जेमतेम चाळीस चौकटींत येते. लहान वस्त्यांसाठी त्यांवर विसंबू नये.

दिवस निवडताना रब्बी निघून नांगरट झालेली असावी, कारण काळ्या रानातला राखाडी-पांढरट पट्टा तेव्हाच उठून दिसतो. शेतमालकांची परवानगी आधी घ्यावी आणि धाब्याच्या घरांसाठी पांढरी माती पूर्वी कोठून आणत, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलेल्या इनामगावला जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या काळातील कालवा आणि बांध मिळाला, म्हणून टेकाडापाशी न थांबता भोवतीच्या शिवारातही फिरण्याचे नियोजन असावे.

सोबत जीपीएस, मोजपट्टी, छायाचित्रासाठी स्केल आणि छापील नोंदपत्रके घ्यावीत. ड्रोन न्यायचा असल्यास केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणांसाठीच्या नकाशावर त्या जागेचा विभाग तपासावा. परवान्याशिवाय कुदळ लावू नये. लाल खापरावरची काळी नक्षी, गारेचे छिलके (दगडी हत्यारे घडवताना उडालेल्या कपच्या), काचेच्या बांगडीचा तुकडा हे सारे जागेवरच टिपावे. खापर न सापडलेल्या शेताचीही नोंद करावी आणि तेथे उभ्या पिकामुळे जमीन झाकलेली होती की मोकळ्या जमिनीवरही काही आढळले नाही, हे त्याच ओळीत लिहावे.