बर्से बेटावर जाताय? आधी ओहोटी बघा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातल्या बर्से गावासमोर 'ब्रॉ ऑफ बर्से' नावाचं छोटं बेट आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच इथंही ओहोटीला चालत जाता येतं. पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढाच वेळ हातात असतो. पाणी चढलं की परतीचा रस्ता बंद, मग पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच अडकाल.

वेळापत्रक बघताना एक गोष्ट आवर्जून तपासा. ब्रिटनमधली बरीच भरती-ओहोटीची कोष्टकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे तो तास मिळवावा लागतो. पाणी उतरत असतानाच बेटाकडे निघा, म्हणजे घाई होत नाही. काँक्रीटची वाट ओली असते, कडेला शेवाळ असतं. चांगल्या पकडीचे बूटच घाला, चपला नकोत.

बेटावर नॉर्स (व्हायकिंग) लोकांच्या घरांचे पाये आणि १२व्या शतकातल्या चर्चच्या भिंती आहेत. तीन भालाईत कोरलेला पिक्टिश (स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांचा) दगड बघाल तो प्रतिकृती आहे, मूळ एडिनबरोच्या संग्रहालयात. तिथेच थांबू नका, चढ चढून १९२५च्या दीपगृहापर्यंत जाच! मे ते जुलैमध्ये कड्यांवर पफिन हे समुद्रपक्षी दिसतात, नारिंगी चोचीचे, अगदी गोड. मात्र कड्याच्या टोकाला जाऊ नका, वारा जबरदस्त असतो.

पाणी चढलेलं असेल तर गावातला अर्ल्स पॅलेस हा जुना पडका राजवाडा आधी बघून घ्या.